एरुडासाठी प्लगइन लिहिताना

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स, म्हणजे पान आतून तपासण्याची साधने, हाताशी नसतात. ती उणीव एरुडा हा जावास्क्रिप्टमधील कन्सोल पानातच उघडून भरून काढतो. लोकल स्टोरेजमधील, म्हणजे पान ब्राउझरमध्ये साठवून ठेवते त्या माहितीतील, प्रत्येक बदल त्यात लगेच दिसावा, यासाठी मी एरुडाला जोडता येणारा एक छोटा भाग, म्हणजे प्लगइन, लिहिले.

सांगाडा अगदी सोपा आहे: नाव आणि इनिट, शो, हाइड, डिस्ट्रॉय या मेथड असलेला ऑब्जेक्ट 'एरुडा.अ‍ॅड'कडे सोपवला की नवा टॅब तयार होतो.

खरा कस लागतो तो बदल टिपताना. ब्राउझरचा 'स्टोरेज' इव्हेंट ज्या पानाने बदल केला त्याच पानात येत नाही, तो त्याच ओरिजिनच्या (म्हणजे तोच प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट असलेल्या) इतर उघड्या पानांनाच मिळतो, त्यामुळे 'स्टोरेज.प्रोटोटाइप'वरील (स्टोरेजच्या सामाईक मेथड जिथे असतात त्या ऑब्जेक्टवरील) 'सेटआयटम' या नोंद लिहिणाऱ्या मेथडभोवती स्वतःचे फंक्शन गुंडाळावे लागते, आणि त्यातून मूळ फंक्शन योग्य 'धिस'सह (मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते त्यासह) बोलवावे लागते. टॅबपुरती टिकणारी सेशन स्टोरेजही तेच प्रोटोटाइप वापरत असल्याने 'धिस' नेमका कोणता आहे हे तपासणे आलेच. एवढे करूनही, प्रॉपर्टीसारखी थेट किंमत दिलेली नोंद या जाळ्यातून निसटते. तिच्यासाठी ठरावीक वेळाने तुलना करण्याचा मार्ग मी स्वीकारला, जरी तो मला फारसा पसंत नाही.

डिस्ट्रॉयकडे मात्र अनेकजण दुर्लक्ष करतात, हे मला खटकते. तिथे टायमर थांबवावा आणि मूळ फंक्शन परत बसवावे. परंतु मधल्या काळात दुसऱ्या कोणी आपल्या फंक्शनवर स्वतःचे आवरण चढवले असेल, तर ते न उचकटता आपल्या फंक्शनने बदल टिपणे तेवढे बंद करावे.