निळा ब्लँक

पीएच.डी.साठी मी लिथियम-पिलोकार्पिन देऊन अपस्माराचे झटके आणलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या एका भागात) सोडियम-पोटॅशियम एटीपीएज हे एन्झाइम मोजत होते. झटक्यात चेतापेशींमध्ये सोडियम शिरते, पोटॅशियम बाहेर पडते आणि हे एन्झाइम पंपासारखे एटीपी हे पेशीचे ऊर्जेचे रेणू खर्चून दोन्ही आपापल्या जागी परत नेते. झटके लांबले की मुक्त मूलकांमुळे पेशीपटलातील मेद आणि खुद्द हे प्रथिनही बिघडते, पंप मंदावतो, पेशीबाहेर पोटॅशियम साचते आणि पुढच्या झटक्याला वाट मोकळी होते. अर्थात, किती तासांनी मेंदू काढला यावर आकडे बदलतात. काही प्रयोगांत ते वाढलेलेही आढळले आहेत.

एटीपीपासून सुटलेले फॉस्फेट आम्ही फिस्क आणि सुब्बाराव यांच्या 1925 च्या पद्धतीने मोजत असू: फॉस्फेट जितके जास्त, तितका निळा रंग गडद. प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या. एकीत औबेन हे रसायन घालून पंप बंद करायचा, आणि दोन्हींतला फरक म्हणजे पंपाचे काम.

त्या दिवशी मॉलिब्डेट आणि क्षपणकारक घालताच ब्लँकच (तुलनेसाठीची कोरी नळी) निळा झाला. त्यात एन्झाइम नव्हते की सुटणारे फॉस्फेट नव्हते. त्याहून विचित्र म्हणजे, एका निरोगी उंदराच्या नमुन्यात औबेनची नळी अधिक गडद होती, म्हणजे हिशेबाने एन्झाइमची क्रियाशीलता उणे! आधी मला एटीपीच जुने वाटले. पण मग सगळ्या नळ्या सारख्याच निळ्या व्हायला हव्या होत्या.

"मामा, नळ्या कशाने धुतल्या?" मी प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांना विचारले.

"मॅडम, नेहमीचं लिक्विड संपलं होतं, म्हणून स्टोअरमधून पावडर आणली. चांगली स्वच्छ निघतात की!"

चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवून तीच रसायने घातली, तर द्रावण शाईसारखे निळे झाले. पावडरीत फॉस्फेट होते आणि ते प्रत्येक नळीच्या काचेवर कमीजास्त चिकटून राहिले होते. मामांना काय बोलणार? नळ्या आम्लाने धुवायच्या, हे मीच कधी भिंतीवर लिहून लावले नव्हते.

सगळी काच रात्रभर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ऊर्ध्वपातित पाण्याने विसळली. उणे 80 अंशांवर ठेवलेल्या होमोजिनेटची (वाटलेल्या मेंदूच्या ऊतीची) प्रत्येकी एकच कुपी उरली होती. एकदा वितळवली की पुन्हा गोठवून उपयोग नव्हता. या खेपेला ब्लँक स्वच्छ राहिला. झटके आलेल्या गटाचे आकडे निरोगी गटापेक्षा खाली आले, फक्त एक उंदीर निरोगींच्या रांगेत जाऊन बसला. वहीत पाहिले, तर झटक्यांची तीव्रता मोजणाऱ्या रसीनच्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तो तिसऱ्या पायरीपुढे गेलाच नव्हता.