नोटेवरचा पिवळा शिक्का

माझ्या संग्रहात एक डॉलरच्या दोन नोटा शेजारीशेजारी आहेत, दोन्ही १९३५ ए मालिकेच्या. एकीवरचा अमेरिकी खजिन्याचा छापील शिक्का तपकिरी, दुसरीवरचा पिवळा. खरं तर या 'चांदीच्या प्रमाणपत्रां'वर, म्हणजे चांदीत बदलून मिळायच्या त्या नोटांवर, शिक्का निळा असायचा. बरीच वर्षं मी ही छपाईतली गंमत समजत होतो!

कारण युद्धाचं होतं. पर्ल हार्बरनंतर, १९४२ मध्ये, हवाईसाठी तपकिरी शिक्क्याच्या आणि 'हवाई' असं ठळक छापलेल्या नोटा निघाल्या. बेटं जपानच्या हाती पडली, तर तेवढ्याच नोटा रद्द ठरवता याव्यात म्हणून. पिवळ्या शिक्क्याच्या नोटा उत्तर आफ्रिकेत उतरणाऱ्या सैनिकांसाठी. युक्ती तीच.

भिंगाखाली शिक्का बघायला मला अजून मजा येते. वर न्यायाचा तराजू, खाली अधिकाराची किल्ली, मधल्या पट्टीवर तेरा तारे, म्हणजे मूळची तेरा राज्यं. कडेने लॅटिन अक्षरं, तीही तोडून लिहिलेली. अर्थ लावला तर 'उत्तर अमेरिकेच्या खजिन्याची मुद्रा'. कॅनडा-मेक्सिकोला विचारलं होतं की नाही कोण जाणे. १९६८ मध्ये लॅटिन जाऊन इंग्रजी आलं, सोबत १७८९ हे साल. वाचायला सोपं झालं, पण मला जुनाच आवडतो.

नोटेवर शिक्का मारायची रीत मात्र चीनची. तिथे युआन या मंगोल घराण्याच्या काळात अधिकारी शिक्का शेंदरी रंगात बुडवून नोटेवर उमटवायचा, असं मार्को पोलोने सांगितलंय. आता माझी नजर त्यानंतरच्या मिंग घराण्याच्या काळातल्या नोटेवर आहे. तिच्यावरचे लाल चौकोनी ठसे फोटोतच पाहिलेत. खिसा नाही म्हणतोय.