लिहून देणार

मंगळवार, रात्र

दुपारी दादाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा आला. फोन नाही, निरोप नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती पीडीएफ. बाबांचं वर्षश्राद्धही अजून व्हायचंय.

जेवणं आटोपल्यावर वाचला. दादा ‘लिहून घेणार’, मी ‘लिहून देणार’. (शाळेत त्याचे निबंध मीच लिहून द्यायचे, ते आठवून हसू आलं.) पुढे मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, मोबदला न घेता हक्क सोडतेय, असं आहे. माझी खुशी वकिलाला माझ्याआधी कळली!

कायदा मला पाठ झालाय. १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हक्क जन्मानेच मिळतो, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. घरात मात्र एकच प्रश्न: माहेर हवंय की जमीन? काकू तर सरळ म्हणाली, “माहेर तुटेल गं.” ते तोडणार कोण, हे काही बोलली नाही.

भावाभावांत कोर्टकज्जे झाले तर ती भाऊबंदकी. पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि लग्नकार्यात सगळे एकाच पंगतीला जेवतातही. बहिणीने नाव लावा म्हटलं की ती हावरी, आणि थेट परकी.

आत्याने हूं की चूं केलं नाही. गावच्या जुन्या सातबाऱ्यावर तिचं नाव सापडतं ते ‘इतर हक्कात’, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाखाली. पुढे तिने सही दिली आणि तेही गेलं. साडीचोळीवर बोळवण झाली. म्हणून तिचं माहेर टिकलं म्हणावं, तर तसंही नाही. आजी गेल्यावर तिला दिवाळीला बोलवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. सही करून नातं वाचतं, हे निदान आमच्या घरात तरी मी पाहिलेलं नाही.

मला दादाचा राग येतो तो जमिनीपायी नाही. तीन एकर कोरडवाहू, त्यात माझ्या वाट्याला येऊन येऊन येणार किती? समोर बसून “माझी ओढाताण आहे, सोडतेस का?” म्हणाला असता तर कदाचित हो म्हटलं असतं.

हे म्हणतात, “देऊन टाक, आपल्याला काय कमी आहे?” वन्संनी सही केली तेव्हाही हे असंच म्हणाले होते. फक्त तेव्हा लिहून घेणारे हे होते.

शनिवारी गावी जाऊन वारसनोंदीचा अर्ज मी स्वतः देणार आहे. आधी नाव लागू दे, सहीचं मग बघू. दादाला तसं फोनवर सांगेन, मेसेजवर नाही.