बाबांना घेऊन बडीजला

आज शनिवार. सकाळी उणे १२, वारा धरला तर त्याहून बरंच खाली. आई-बाबा नोव्हेंबरात आमच्याकडे अमेरिकेत आलेत ते बाळंतपणासाठी, त्यामुळे आईला निदान काम तरी आहे, बाळाची अंघोळ, शेक, डिंकाचे लाडू, सगळं तिच्या मनासारखं चाललंय, पण बाबांनी करायचं काय, खिडकीतून बर्फ बघायचा आणि भोसरीच्या मित्रांना फोटो पाठवायचे, तेही किती पाठवणार. बायको म्हणाली, तुम्ही दोघं बडीजला जाऊन या ना, आणि येताना माझ्यासाठी पण घेऊन ये. तिच्या तोंडून ते नाव निघालं आणि मी लगेच गाडी गरम करायला ठेवली.

बडीज म्हणजे डेट्रॉईटचा चौकोनी पिझ्झा जिथे सुरू झाला ते दुकान. आता त्यांच्या बऱ्याच शाखा आहेत, आम्ही राहतो त्या ट्रॉय उपनगराजवळही आहे, पण मला जायचं असतं ते कॉनंट स्ट्रीटच्या मूळ जागीच. आय-७५ हायवेने खाली, एट माईल रोड ओलांडून शहरात शिरायचं, मॅकनिकल्स रोडला उतरून पूर्वेकडे. रस्ता मिठाने पांढराफटक झालेला. बाबा म्हणाले एवढं मीठ आणतात कुठून, म्हटलं बाबा, याच शहराच्या पोटातून. डेट्रॉईटच्या खाली हजार फुटांपेक्षा खोल मिठाची खाण आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू, आणि इथल्या रस्त्यांवर पडणारं मीठ त्या खाणीतूनही येतं. हे ऐकून ते इतके खूश झाले की पुढचा अर्धा रस्ता लिफ्ट कशी असेल, यंत्रं खाली कशी उतरवत असतील यावरच बोलत होते. मोठी यंत्रं सुटी करून खाली नेतात आणि तिथेच जोडतात हे मी सांगितलं, तर म्हणाले, मग बरोबर आहे.

बाबांनी सगळी नोकरी भोसरीत प्रेस शॉपमध्ये काढली, म्हणजे पत्रा दाबून त्याचे पार्ट बनवायचे. पत्रा, डाय म्हणजे साचे, गेज, स्क्रॅप. मी पण त्याच लायनीत आलो, फक्त मी कॉम्प्युटरवर डाय डिझाईन करतो आणि त्यांनी हातांनी केलं. म्हणूनच हा पिझ्झा त्यांना खाऊ घालायचाच होता मला, कारण यातली अर्धी करामत पत्र्याची आहे.

गोष्ट अशी सांगतात की १९४६ साली गस ग्वेरा नावाच्या माणसाचा इथे बार होता, बडीज रॉन्देव्हू. त्याला पिझ्झा करायचा होता तो घरातल्या सिसिलियन पद्धतीचा, जाड, पावासारखा, आणि त्यासाठी खोल चौकोनी भांडं पाहिजे. ते मिळालं गाड्यांच्या कारखान्यातून. निळ्या पोलादाचे ट्रे असायचे, लाईनवर नट-बोल्ट, सुटे पार्ट ठेवायला. पत्रा मजबूत, कडा उभ्या, ओव्हनमध्ये चांगला तापतो. त्यातच पीठ दाबलं आणि डेट्रॉईटचा पिझ्झा झाला. पुढे १९५३ मध्ये ग्वेराने बडीज विकलं आणि क्लोव्हरलीफ काढलं, तेही अजून आहे.

माझ्याकडे घरी तसला एक पॅन आहे, इस्टेट सेलमध्ये, म्हणजे कुणाच्या घरातलं जुनं सामान विकतात तिथे मिळालेला. बाबा आले त्याच आठवड्यात त्यांच्या हातात दिला होता. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, अंगठ्याने कड चाचपली, मग नखाने कोपऱ्याची घडी खरवडून बघितली. म्हणाले वेल्ड नाही, घडी मारलीये, वरची कड वळवून आत तार घातलीये म्हणून वाकत नाही. मग बोटाने टकटक वाजवला आणि म्हणाले, असल्या ट्रेमध्ये आपण वॉशर ठेवायचो रे. यात कोण खातं? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज त्यांना घेऊन गेलो.

आत शिरलो की उबेबरोबर चीज भाजल्याचा वास अंगावर येतो, आणि बाहेरच्या थंडीत चष्म्यावर जे धुकं धरतं ते पुसेपर्यंतच भूक दुप्पट झालेली असते. बाहेर बोची हा इटालियन चेंडूंचा खेळ खेळायची जागा आहे, ती आज पूर्ण बर्फाखाली. शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा आणि नातवंडं, पलीकडे युनियनचं जाकीट घातलेले दोघं. बाबा माळकरी, त्यामुळे दोन्ही पिझ्झे व्हेज, एक मश्रूम आणि ढोबळी मिरची, एक हालापेन्यो मिरचीचा. फोर स्क्वेअर मागवायचा, म्हणजे चार तुकडे आणि चारही कोपऱ्याचे, भांडणच नाही. एट स्क्वेअर मागवला की मधले चार तुकडे कुणीतरी मनाविरुद्ध खातं, असं माझं ठाम मत आहे.

आता तो कोपरा. पीठ चांगलंच सैल, तेल लावलेल्या पॅनमध्ये बोटांनी पसरून फुगू द्यायचं. त्यावर चीज, आणि ते अगदी कडेपर्यंत, पोलादाला टेकलं पाहिजे. सॉस सगळ्यात वर, म्हणजे पाव गिच्च होत नाही. चीज मोझरेला नाही, विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज. १८७७ च्या सुमाराला जॉन जोसी नावाच्या स्विस माणसाने ते केलं, दाबायला चक्क विटा वापरायचे. त्यात स्निग्धांश भरपूर, त्यामुळे ते वितळलं की तूप सुटल्यासारखं कडेने खाली उतरतं आणि पिठाची बाजू त्यातच तळून निघते, वर राहिलेलं चीज पॅनला धरून काळपट-तांबूस होतं. बाबांनी पहिला घास कोपऱ्याचाच घेतला. कुरकुर आवाज मला समोर ऐकू आला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे ही तर खरवड आहे." दुधाच्या पातेल्याची खरवड आमच्याकडे ते आणि मी वाटून खायचो, आई पातेलं भिजत घालायच्या आत. मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं इथे येतोय, प्रत्येक वेळी तो तुकडा आवडतोय, आणि का आवडतो ते बाबांनी एका घासात सांगितलं.

दुसऱ्या तुकड्याला त्यांनी तो उलटा करून तळ बघितला. सगळीकडे एकच रंग. म्हणाले, भट्टी चांगली आहे आणि पॅन जुने आहेत. पॅन जुनाच पाहिजे हे खरंच आहे, वर्षानुवर्षं तेल मुरलेला, आपल्या बिडाच्या तव्यासारखाच, साबणाने घासायचा नाही. हल्ली बरेच जण ॲल्युमिनियमचे काळे पॅन वापरतात, ते काही वाईट नाहीत, पण मला पोलादच आवडतं.

खाऊन झाल्यावर लगेच घरी न जाता कॉनंटनेच खाली हॅमट्रॅमॅक या छोट्या शहराकडे गेलो. इथे डॉज मेन हा डॉज गाड्यांचा कारखाना होता, १९८० मध्ये बंद पडला, मग पाडला. त्या जागेवर आणि आजूबाजूची वस्ती उठवून जीएमचा, म्हणजे जनरल मोटर्सचा प्लांट झाला, आता तिथे इलेक्ट्रिक गाड्या बनतात. बाबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि काच खाली करून बघत बसले. मी म्हटलं थंडी वाजेल, तर म्हणाले थांब जरा. पिंपरीतही त्यांच्या डोळ्यादेखत किती शेड गेल्या आणि तिथे टॉवर झाले, ती सगळी नावं त्यांनी एकेक करून घेतली, कुठल्या कंपनीत कोण होतं, कुणाला व्हीआरएस मिळाली, कुणाला नाही. मी मध्ये काही बोललो नाही.

कॉनंटवर तर बांगलादेशी दुकानांच्या पाट्याच पाट्या. एका दुकानात शेवग्याच्या शेंगा आणि दुधी मिळाला, बाबांनी दुधी नखाने दाबून घेतला, दुकानदाराशी मोडक्या हिंदीत भाव बोलले, दोघंही खूश.

घरी बायकोचा फोर स्क्वेअर तसाच नेला नाही तर ती ऐकत नाही. मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, पाव चिवट होतो. बिडाच्या तव्यावर मंद आचेवर, तळ परत कडक होईपर्यंत, वर दोन मिनिटं झाकण. बाळ खांद्यावर आणि एका हातात कोपरा अशी तिने उभ्याउभ्याच दोन तुकडे संपवले. आईने अर्धा तुकडा खाल्ला, मीठ जरा जास्त आहे म्हणाली आणि उरलेला अर्धा पण खाल्ला.

येताना ब्रिक चीज पण घेतलंय. पीठ रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये ठेवणार आहे, उद्या दुपारी माझ्या पॅनमध्ये लावू. बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय की तेल ते लावणार, कोपऱ्यांच्या घडीत नीट गेलं पाहिजे, नाहीतर चिकटेल.