पर्थ, शार्क आणि सरकारी गळ

ऑस्ट्रेलियात कुठेही शार्कने माणसाला चावल्याची बातमी मराठी चॅनेलवर लागली, की वेंगुर्ल्याहून फोन येतो. चावा सिडनीला असतो, आम्ही राहतो त्या पर्थपासून विमानाने चार-पाच तास लांब. पण आईच्या नकाशात अख्खा ऑस्ट्रेलिया शिरोडा ते मालवण एवढाच. "पोरांका पाण्यात सोडू नको गे." मागून बाबांचा आवाज: "मगे सरकार तेंका मारीत कित्याक नाय?"

बाबांचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून इथे लिहिते. सरकारने मारून बघितलंय. तेव्हा आम्ही इथेच होतो.

ऑगस्ट २०१० ते नोव्हेंबर २०१३ या काळात वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या, म्हणजे आमच्या राज्याच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यात सात माणसं गेली. कोणी सर्फिंग करत होतं, कोणी बुडी मारत होतं. एक गृहस्थ कॉटस्लोला रोजच्यासारखे सकाळी पोहायला गेले ते परतलेच नाहीत. कॉटस्लो म्हणजे पर्थची चौपाटी. ओळीने नॉरफोक पाईनची उंच झाडं, हिरवळ, खाली पांढरी वाळू. शिवाय त्या वेळचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुख्यमंत्री, कॉलिन बार्नेट यांचा मतदारसंघही कॉटस्लोच. काहीतरी करून दाखवणं त्यांना भागच होतं.

मग जानेवारी २०१४ मध्ये 'ड्रमलाइन' आल्या. किनाऱ्यापासून साधारण एक किलोमीटरवर मोठा तरंगता पिंप, त्याला साखळी, साखळीला तळहातापेक्षा मोठा गळ, गळाला आमिष, आणि सगळं तळाशी नांगरलेलं. अशा ७२ लाइन पर्थच्या आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यांसमोर टाकल्या. होडी फेरी मारणार. तीन मीटरपेक्षा मोठा शार्क लागलेला दिसला तर गोळी घालून लांब समुद्रात टाकणार, लहान असेल आणि जिवंत असेल तर सोडणार. 'ग्रेट व्हाइट' ही शार्कची जात संरक्षित असल्यामुळे त्यासाठी केंद्राकडून खास सूट घेतली होती. कारण सगळा रोख तिच्यावरच होता.

एप्रिलअखेर हिशेब आला. १७२ शार्क गळाला लागले. त्यातले १६३ टायगर शार्क, म्हणजे दुसरीच जात. मेले एकूण ६८: ५० गोळी घालून, बाकीचे गळावरच मेले किंवा सोडण्याच्या स्थितीत नव्हते म्हणून मारले. आणि ग्रेट व्हाइट? एकही नाही.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांचं लहानपण रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढण्यात गेलंय. म्हणाले, "गळाक काय डोळे आसत?" यावर अहवाल लिहायला इथल्या पर्यावरण प्राधिकरणाला सप्टेंबर उजाडला. आणखी तीन वर्षं हाच कार्यक्रम चालवायचा सरकारचा बेत होता, प्राधिकरणाने तो नको म्हणून सांगितलं.

गळ टाकले त्याच वर्षी, १ फेब्रुवारीला, त्यांच्याविरुद्ध निदर्शन झालं, त्याला मी थोरल्याला बाबागाडीत घालून कॉटस्लोला गेले होते. हजारो माणसं होती, हिरवळीपासून पाण्याच्या काठापर्यंत. मी मारण्याच्या विरोधातच होते आणि आजही आहे. पण तिथलं एक वाक्य मला तेव्हाही खटकलं होतं: "समुद्र त्यांचं घर आहे, तुम्ही जाऊ नका." ज्यांचा मुलगा गेला त्यांच्यासमोर उभं राहून हे म्हणून दाखवा. नारळ डोक्यात पडून जास्त माणसं मरतात, हाही तसलाच युक्तिवाद. मी नारळाच्या झाडांखाली वाढले आहे. नारळाची भीती आणि शार्कची भीती यांची जात वेगळी आहे.

आमचा शेजारी क्रे पकडायला बुडी मारतो. क्रे म्हणजे इथली मोठी शेवंडं. तो गळांच्या बाजूने. "तुम्ही फलक घेऊन वाळूवर उभे होतात, पाण्यात मी असतो," हे त्याने मला कुंपणावरून सुनावलंय. त्याच्याशी भांडण होत नाही, कारण तो शार्कला शिव्या देत नाही. त्याला फक्त शार्कचा आकडा कमी करून हवा असतो.

पण आकडा कमी केल्याने चावे कमी होतात का? हवाईमध्ये १९५९ ते १९७६ या काळात ४,६६८ शार्क मारले. नंतर अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर हल्ल्यांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसला नाही. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, १९३७ पासून जाळी लावतात. लोकांना वाटतं किनारा बंद केलाय. प्रत्यक्षात एक जाळं १५० मीटर लांब, ६ मीटर उंच. शार्क वरून, खालून, बाजूने कुठूनही जातो, आणि बरेचसे तर परत जाताना, किनाऱ्याच्या बाजूने अडकतात. सोबत कासवं आणि डॉल्फिनही. माझ्या मते जाळी आणि गळ माणसाच्या मनासाठी असतात. मनासाठी काही करू नये असं नाही, पण त्याची किंमत टायगर शार्कने का द्यायची?

आणि आता एक अडचणीची गोष्ट. इथल्या फिश अँड चिप्सच्या दुकानात 'फ्लेक' मागा. पांढरे, बिनकाट्याचे, तळलेले तुकडे मिळतात. तो शार्क असतो, बहुतेक वेळा गमी शार्क. या राज्यात परवानाधारक होड्या वर्षाला शेकडो टन शार्क रीतसर पकडतात. त्याविरुद्ध कॉटस्लोला कोणी फलक धरल्याचं मला आठवत नाही. मला बोलायला तोंड नाहीच. मोरी म्हणजे आपल्याकडचा लहान शार्कच. आमच्याकडे मोरीचं मटण म्हणजे पाहुणचार, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात, मलाही दिली होती. म्हणजे वाद शार्कच्या जिवावरून कधीच नव्हता. खाण्यासाठी मारला तर मच्छिमारी, भीतीपोटी मारला तर निदर्शनं. मला यात फरक आहे असंच वाटतं, पण तो फरक शेजाऱ्याला पटवून देता येत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या स्वान नदीत, नॉर्थ फ्रीमँटलजवळ, एक सोळा वर्षांची मुलगी बुल शार्कच्या हल्ल्यात गेली. नदीतला असा आधीचा मृत्यू १९२३ मधला. ती ज्या पाण्यात उतरली तिथून थोड्या अंतरावर आम्ही शनिवारी डबे घेऊन बसतो. त्या आठवड्यात कोणी माझ्यापुढे "सगळे मारून टाका" असा कागद धरला असता तर मी सही केली असती, खोटं कशाला बोलू. पुढच्याच वर्षी पालघरला, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाला शार्क चावला. बाबांना तेव्हा कुठे पटलं की मासा नदीतही शिरतो.

सरकार बदललं, आणि एखादा शार्क धोक्याचा वाटला तर टाकायचे म्हणून ठेवलेले गळही २०१७ मध्ये गेले. त्याऐवजी बुडी मारणाऱ्यांना विजेच्या सौम्य झटक्याने शार्कला लांब ठेवणारं यंत्र घ्यायला २०० डॉलरची सवलत आली. शेजाऱ्याने ते घेतलंय. त्याच्या घोट्याला शेपटासारखी वायर लोंबते, आणि ती पायात गुंतते म्हणून तो बडबडतो, पण लावल्याशिवाय उतरत नाही. पुढे दक्षिणेकडच्या ग्रेसटाउनला 'स्मार्ट' गळांचा प्रयोग झाला: मासा लागला की संदेश येतो, अंगावर खूण, म्हणजे संदेश देणारा टॅग, बसवून त्याला लांब नेऊन सोडतात. दोन वर्षं चालवला. ग्रेट व्हाइट लागले दोन. आता तोही बंद.

चालू काय आहे? खूण बसवलेला शार्क जवळून गेला की समुद्रातले रिसीव्हर कळवतात आणि फोनवर सूचना येते. वरून हेलिकॉप्टर फिरतं. रविवारी सकाळी आमची दोघं 'निपर्स'ला, म्हणजे सर्फ क्लबच्या मुलांच्या वर्गाला जातात. भोंगा वाजला की सगळी पोरं बाहेर, आणि थेट सॉसेजच्या रांगेत. त्यांना भोंगा आवडतो.

उन्हाळ्यात कोणी येणार असाल तर कॉटस्लोला संरक्षक जाळीच्या आत पोहा, ही जाळी मासा पकडत नाही, फक्त अडवते. तिन्हीसांजेला नदीत उतरू नका. देवमासा किंवा सील दिसला तर कौतुक काठावरून करा. आणि जा ते सकाळीच, कारण दुपारी 'फ्रीमँटल डॉक्टर' नावाचा वारा सुटतो आणि डब्यातल्या पोळीला वाळू लागते.