मामाच्या वहीतला ‘इतर’चा रकाना

परवा पैठणला मामाकडं गेलतो, पाऊस काही थांबंना म्हणून माळ्यावरचं सामान काढत बसलो तर मामाच्या हातच्या मासळीच्या जुन्या वह्या निघाल्या. तारीख, माणसाचं नाव, रोहू-कटला-मृगळ किती किलो, आणि शेवटी ‘इतर’. म्हटलं चला, एक्सेलमधी टाकू, ग्राफ काढू, नाथसागरात, म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यात, मासा वाढला का घटला ते कळंल.

मामा म्हणला, “अरे त्यात जाळी कुठं लिहिलेत?”

झालं, तिथंच गाडी अडली. चाळीस किलो मासा चार जाळ्यांत आला का चाळीस, एका रात्रीत का तीन, हे नसलं तर नुसत्या किलोला काय चाटायचंय. याला कॅच पर युनिट एफर्ट म्हणतात, मेहनतीमागं किती मासा. अन् ते लिहिलं तरी फसायला होतंच. कॅनडात न्यूफाउंडलंडला समुद्रातला कॉड मासा संपत आलेला, पण उरलेला मासा एका जागी गोळा व्हायचा आणि मोठ्या बोटी नेमक्या तिथंच जायच्या, त्यामुळं बोटींचे आकडे झकास दिसत राहिले, शेवटी १९९२ ला मासेमारीच बंद करावी लागली.

रोहू-कटल्याचं तर बीज, म्हणजे बारकी पिल्लं, आपणच सोडतो, म्हणून तो आकडा नदीचा नाहीच, बीज किती टाकलं अन् किती जगलं त्याचा. नदीचं जे काय आहे ते ‘इतर’मधी, वाम, शिंगटा, मरळ सगळे एकात कोंबलेले. चढणीचा मासा तर वहीत येतच नाही. पहिल्या पुराला तो ओढ्यानाल्यानं वर चढतो अंडी घालायला, तेव्हाच मासेमारी बंद, पानं कोरी. चोरून धरणारा कशाला लिहून देतोय?

गंगेवर १९७५ ला फराक्काचं धरण सुरू झालं अन् समुद्रातनं वर अलाहाबादपर्यंत येणारा हिल्सा मासा तिथं जवळजवळ संपला, हे ठामपणे सांगता येतं कारण तिथली आवक आधीपासून मोजून ठेवली होती. आपली जायकवाडी १९७६ ची. त्याआधीची वहीच नाही, आजोबा मासा विकायचे अन् मोकळे व्हायचे.

मामा म्हणला, कुणाकडं किती जाळी होती मला तोंडपाठ आहे, घे लिहून. दोन पानं झाली तेवढ्यात मामीनं जेवायला हाक मारली. ताटात चिलापी, म्हणजे बाहेरून आलेली तिलापिया. अख्ख्या वहीत हिचं नाव नाही कुठं.