मेमरी मागितली, पण वापरली का? : लिमिट तपासणी, आठवडा तिसरा

ठाण्यात, नौपाड्यातल्या घरी, जुन्या लॅपटॉपवर एका नोडचं, म्हणजे एकाच मशीनचं, कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) चालतंय. कंटेनरला, म्हणजे स्वतंत्र चौकटीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलेली मेमरी-सीपीयूची लिमिट खरंच पाळली जाते का, हे कोडने तपासायचं, एवढंच सध्याचं काम. पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम पॉड (कंटेनर ठेवणारं कुबरनेटिसचं सर्वांत लहान एकक) उभा करतो, थांबतो आणि स्टेटस वाचून पास की फेल ते सांगतो.

मेमरीची लिमिट १२८ मेबीबाइट ठेवली आणि पॉडमध्ये शून्यांनी भरलेला २०० मेबीबाइटचा बाइट्स ऑब्जेक्ट बनवला. पॉड पडायला हवा होता, पण तो निवांत चालत राहिला! दोन संध्याकाळी पॉडचं वर्णन असलेली वायएएमएल फाइल ओळीओळीने तपासली. शनिवारी तलावपाळीवर फिरताना मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे, त्या मेमरीत तू काही लिहिलंस का?"

तिथेच उलगडा झाला. असा ऑब्जेक्ट कॅलॉकने, म्हणजे शून्यं भरलेली मेमरी मागणाऱ्या सी भाषेतल्या फंक्शनने, तयार होतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी नुसते पत्ते देतो. खरं पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) मिळतं ते त्यात लिहिल्यावर, आणि सीग्रुप, म्हणजे प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणारी कर्नलची सोय, मोजतो ती ही खरी पानं. घरी येऊन बाइटअ‍ॅरे वापरला. तो जागा घेतल्यावर तिच्यात खरोखर शून्यं लिहितो. पॉड लगेच पडला: ओओएम-किल्ड (मेमरी संपल्याने मारला गेला), एक्झिट कोड १३७. म्हणजे १२८ (याचा मेमरीच्या लिमिटशी संबंध नाही, सिग्नलने मेलेल्या प्रोसेसच्या कोडमध्ये तो मिळवतात) अधिक सिगकिल या मारून टाकणाऱ्या सिग्नलचे ९. हा आकडा पाहून फार बरं वाटलं.

तरी टेस्ट अधूनमधून फेल होत होती. रीस्टार्ट पॉलिसी ठरवून दिली नाही तर ती 'ऑल्वेज' असते. कंटेनर पुन्हा उठतो आणि पडण्याचं कारण आधीच्या स्टेटमध्ये जातं. माझा कोड चालू स्टेट वाचत होता. आता पॉलिसी 'नेव्हर' केली आहे.

सीपीयूचं वागणं अगदी वेगळं. तिथे कोणी मरत नाही, फक्त रोखलं जातं. ५०० मिलीकोर (अर्धा कोअर) म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद. चार कोअरवर चार प्रोसेस एकदम पळवल्या तर हा वाटा साडेबारा मिलिसेकंदांतच संपतो, उरलेले साडेसत्त्याऐंशी सगळे ताटकळत बसतात. त्यामुळे घड्याळ लावून मोजण्यापेक्षा सीग्रुपच्या सीपीयू-स्टॅट फाइलमधला थ्रॉटल झाल्याचा, म्हणजे रोखलं गेल्याचा, आकडा आधी आणि नंतर वाचतो. तो वाढला की टेस्ट पास.

पुढच्या रविवारी नेमस्पेसचा (कुबरनेटिसमधल्या एका विभागाचा) कोटा. ज्या पॉडला लिमिटच लिहिलेली नाही, तो तिथे अडतो का, हे बघायचंय.